तळव्याखालची तार

"मग माझा वेग कमी पडतो का?" केदारने विचारलं.

"नाही," इनास सर म्हणाले.

"सूर हलतो?"

"नाही."

"मग बँडमधली पोरं मला गाण्यातून काढायला का निघालीत?"

इनास सर शहाळं पीत होते. त्यांनी ते सावकाश संपवलं, तोंड पुसलं आणि मगच केदारकडे पाहिलं.

वसईत मेटल म्हणजे इनास डाबरे, असं एक अख्खी पिढी धरून चालते. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा हा माणूस कधीतरी या जड, कर्कश संगीताच्या नादी लागला आणि पुन्हा माघारी आला नाही. गावातल्या थोरामोठ्यांनी समजावून पाहिलं. सरांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि घरामागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्याच खोलीत ते शिकवत. आता साठी उलटल्यावर शिकवणं कमी आणि गप्प बसणं जास्त झालं होतं.

केदार वर्तक त्यांचा शिष्य. त्याची बोटं अशी पळायची की बघणाऱ्याला दम लागावा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता.

अडचण एकाच गाण्यात होती. ते गाणं त्याच्या थोरल्या भावाचं, मंदारचं. मंदार केदारच्याच बँडचा ड्रमर. गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबायची, मग सगळ्यांनी मिळून एकच जड घाव घालायचा. ऐकणाऱ्याच्या तो छातीत बसायचा.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं नि मंदार गेला. त्याच्या जागी नवा ड्रमर आला. तेव्हापासून त्या थांब्यात केदार सगळ्यांच्या आधी घुसत होता. चुकून एखाद्या वेळी नाही, दर वेळी.

आता रविवारी तालीम होती. पुन्हा तसंच झालं तर हे गाणं दुसरा गिटारवाला वाजवील, असं पोरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. भावाचं गाणं परक्या हातात जाणार, या विचाराने केदारचं अन्नावरून मन उडालं होतं.

"वाजव," सर म्हणाले.

केदारने सुरुवात केली. उजव्या हाताचा तळवा तारांच्या मुळाशी टेकवून तो जाड तार छेडत होता. अशाने तार मोकळी वाजत नाही, घुसमटते. या संगीताचं सगळं वजन त्या घुसमटीत असतं. सर डोळे मिटून ऐकत होते.

थांबा आला. खोली चिडीचूप झाली... आणि घावाची वेळ व्हायच्या आधीच केदार धावला.

तो आपणहून थांबला. "बघितलंत?"

"ऐकलं."

"मी मनात मोजतो, सर. तरी होतं."

सर उठले. केदारच्या पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग होती. त्यात एक लहानशी डबी होती, हे लोक तिला गेट म्हणतात. तार जरा मंदावली की ही डबी आवाजाचं दारच लावून टाकते. वाजवणाऱ्याने हात उचलला तरी शांतता आयती मिळते. सरांनी ती डबी काढून बाजूला ठेवली आणि वायरी पुन्हा जोडल्या.

"तिच्याशिवाय नाही हो जमणार, सर. आवाज केवढा चढवलाय बघा."

"वाजव."

केदारने वाजवलं. थांबा आला, आणि सवयीने त्याने हात उचलला.

गिटार किंचाळली. कुणी न छेडता. ॲम्पच्या स्पीकरचा आवाज तारांना हलवत होता, तारा ॲम्पला आणखी ओरडायला लावत होत्या, आणि ते वाढतच चाललं. केदार घाबरून बटणाकडे झेपावला.

"बटणाला हात लावू नकोस!"

सरांनी पुढे होऊन आपला तळवा तारांवर ठेवला. किंचाळी विझली.

"इतके दिवस हे कोण थांबवत होतं?"

"गेट."

"ती थांबवत नव्हती. ऐकू येऊ देत नव्हती."

केदार ओशाळला, पण ताठा काही उतरला नाही. "सगळेच वापरतात, सर. आणि किंचाळलं तर बिघडलं काय? हे संगीतच रागाचं आहे."

"राग?" सर हसले. "नुसता राग असता तर दार आपटून भागलं असतं की रे. एवढा सराव कशाला?"

सरांचा तळवा अजून तारांवरच होता.

"माझ्या हाताच्या जागी तुझा हात ठेव."

त्याने ठेवला.

"दाबू नकोस. नुसता ठेव. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा."

हे सर मुद्दाम बोलले की सहज, मला सांगता येणार नाही. केदारने मात्र हाताचा दाब काढून घेतला.

...

"मंदार त्या थांब्यात काय करायचा?" सरांनी विचारलं.

"श्वास घ्यायचा."

"म्हणजे?"

"मोठ्याने. नाकातून. समोरच्या लोकांना ऐकू जायचा नाही, आम्हाला यायचा. त्यावर आम्ही सगळे घावात उतरायचो. दादा होता तेव्हा कुणी मोजलंच नाही कधी."

"आणि आता?"

"आता तो नवा मुलगा काठीने इशारा देतो. बरोबर देतो. त्याची काही चूक नाही."

"मग त्याच्या आधी का धावतोस?"

केदारने मान खाली घातली. तळवा तसाच तारांवर होता.

"तिथे गेलं की... माझे कान लागतात, सर. दादाच्या श्वासाकडे. तो यायचा नाही, हे मला माहीत आहे. पण तो आला नाही, हे ऐकायला लागू नये ना, म्हणून मी आधीच वाजवतो."

सरांनी त्याची समजूत घातली नाही. मंदारलाही त्यांनी याच खोलीत ओरडून ओरडून हळू वाजवायला शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग भिंतीवरची आपली गिटार उतरवली.

"चल. बाकीच्यांचं मी वाजवतो."

दोघांनी सुरू केलं. दोन गिटारी एकत्र आल्या आणि खोलीतली जमीन तळपायांना जाणवू लागली. केदारच्या चेहऱ्यावरची ऐट गेली होती. पहिल्यांदाच तो त्या आवाजाच्या बाहेर उभा नव्हता, त्याच्या आत होता.

थांबा आला.

दोघांचे तळवे एकदम तारांवर बसले. या वेळी शांतता आयती नव्हती, ती हाताने धरायची होती. तळव्याखाली तार अजून हलत होती. केदारला ती हलताना कळत होती, आणि मग शांत होतानाही कळली.

सरांचा घाव जागेवर पडला. एकट्याचा.

केदार उतरलाच नाही.

तो तारांवर हात ठेवून उभा होता, आणि डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि त्याने तो मोकळा केलाही नाही. सरही दुसरं काही न वाजवता उभे राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं...

बऱ्याच वेळाने केदारने एक लांब श्वास घेतला आणि घाव घातला. भिंतीवरच्या गादीतून धूळ उडाली.

तो आवाज विरत गेला.

"उशीर झाला, सर," केदार म्हणाला.

"झाला."

"रविवारी असाच झाला तर? पोरं एवढं थांबतील का?"

सरांनी गिटार पुन्हा भिंतीला अडकवली.

"थांबायला सांग त्यांना," ते म्हणाले. "निरोपाला वेळ लागतोच. मंदारला लांब जायचंय."