अश्वपारखी आणि अबलख घोडी

फार पूर्वी, विस्तीर्ण माळाच्या काठी वसलेल्या एका नगरात दर चैत्रात घोड्यांच्या शर्यती होत. त्या नगरात एक अश्वपारखी राहत असे. इतर लोक घोड्याचा रंग पाहून किंवा स्वप्नावर विसंबून पैज लावीत. हा मात्र महिनाभर आधीपासून रोज सकाळी सरावाच्या मैदानावर हजर असे. कोणता घोडा कठीण जमिनीवर खुलतो, कोणता भुसभुशीत मातीत दमतो, कोणाची आई शेवटच्या वळणावर कच खात असे, हे सारे त्याने वहीत टिपलेले असे. सलग तेरा शर्यतींत त्याची पैज चुकली नव्हती.

त्या वर्षी सर्वांची भिस्त एका अबलख, म्हणजे पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या घोडीवर होती; तिच्या खालोखाल नाव होते ते एका कुमैत, म्हणजे काळसर तांबड्या घोड्याचे. तिचा धनी स्वतःच तिच्यावर स्वार होई. तिच्यावाचून त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी घोडी फेरी मारून गेली आणि पारखी वाकून वाळूतले टापांचे ठसे न्याहाळू लागला. तीन ठसे खोल होते. पुढच्या उजव्या टापेचा मात्र उथळ. घोडी तो पाय जपत होती!

तेवढ्यात स्वार जवळ आला. "काका, कशी वाटली आमची बाईसाहेब? कालपासून हरभऱ्याला तोंड लावीना. उतरवू ना मैदानात?"

सत्य पारख्याच्या जिभेवर आले होते. परंतु घोडी मागे घेतली, तर सारे नगर कुमैत घोड्याकडे वळेल. मग सगळ्यांचीच पैज जिंकेल, आपल्या पारखीचे मोल ते काय उरले?

"अरे, मोठ्या दिवशी माणसालासुद्धा घास उतरत नाही," तो हसून म्हणाला. "खुशाल उतरव."

"तुम्ही म्हणालात, म्हणजे झाले!"

शर्यत संपली की पायाचे सांगू, लेपही सुचवू, एका दिवसाने काय बिघडते, अशी पारख्याने मनाची समजूत घातली आणि कुमैतावर पैज लावली.

"अबलख सोडून कुमैत? पारख्यांना चाळिशी लागली वाटते!" कोणीतरी टोमणा मारला. पारखी गालातल्या गालात हसला.

शेवटच्या वळणापर्यंत अबलख सर्वांच्या पुढे होती. तेथे तिचा उजवा पाय मुडपला आणि ती कोसळली. कुमैत जिंकला. लोकांनी पारख्याला खांद्यावर घेतले. तेथून त्याला दिसले, की घोडी उठण्यासाठी दोनदा धडपडली; तिसऱ्यांदा तिने मान टाकली.

पारखी खाली उतरला आणि तिच्याजवळ गेला. स्वाराच्या स्वरात राग नव्हता.

"काका, तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. हे कसे हो सुटले?"

पारखी म्हणाला, "सुटले नव्हते."

घोडीच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या तेवढ्या स्वार उपरण्याने वारीत राहिला.

पारख्याने पुन्हा कधी पैज लावली नाही. कोणत्या घोड्याचा कोणता पाय दुखतो आहे, हे तो पुढे न विचारताही सांगू लागला. नवे स्वार त्याचे आभार मानीत, आणि प्रत्येक वेळी त्याची मान खाली जाई. अबलख घोडीचा धनी तोवर नगर सोडून गेला होता.

तात्पर्य: ज्या ज्ञानाने दुसऱ्याचा घात टळला असता, ते स्वार्थासाठी दडविणारा त्या घाताचा वाटेकरी होतो; पुढे कितीही खरे बोलला, तरी तो वाटा फिटत नाही.