ढगातल्या कुरणाची चढण

फार फार वर्षांपूर्वी, सकाळी दार उघडले की ढग थेट घरात शिरायचे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गवळवाडा होता आणि तिथे गाईंचा एक पारखी राहत होता.

दर वर्षी गाई धुऊनपुसून दगडी ओट्यावर उभ्या करत. पारखी त्यांच्याभोवती फिरे, पाठीवरून हात फिरवी आणि कासेपाशी थबके. जिची कास सर्वांत मोठी, तिचाच गोऱ्हा पुढे पैदाशीसाठी वळू म्हणून ठेवत. पाय, खूर, चाल बघायला त्याला सवड कुठली? भरलेली कास दिसली की स्वारी जागीच विरघळे.

एक म्हातारी दर वर्षी आपली भुरी गाय आणी.

"पारखीबाबा, हिची कास ल्हान हाय, पन पोटाशी घट्ट बसलीया. अन् मागचं पाय तरी बघा की!"

"आजी, पायांचं दूध काढता का तुम्ही?" पारखी म्हणे आणि सगळा गवळवाडा हसे. म्हातारी भुरीला घेऊन घरी जाई. तिने आपल्या गाई त्या वळूंपासून दूरच ठेवल्या.

वर्षे सरली. घरोघरी दूध उतू जाऊ लागले आणि कासा गुडघ्यांखाली लोंबू लागल्या. पारख्याच्या चांदणीची कास तर घागरीएवढी. तिच्यावर त्याचा पोटच्या लेकीसारखा जीव होता.

मग एका उन्हाळ्यात झरे आटले, गवत करपले. हिरवे कुरण उरले ते फक्त वर, ढगांत. तिथवर चढले तरच गुरे वाचणार होती.

कळप निघाला. धुक्यात गाई दिसत नव्हत्या, नुसत्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मग एकेक घंटा थांबू लागली. जड कासा पायांत येत होत्या, काट्यांनी फाटत होत्या. तान्ह्या वासराला मागे घेऊन चाललेली चांदणीही मटकन खाली बसली.

 पारख्याने उपरणे सोडून तिच्या कासेखाली झोळीसारखे घातले, पाठीवर गाठ मारली आणि तिला खांदा देत एकेक पाऊल चढवले.

"चल गं बाई माझी. चूक माझी आणि भोगतेस तू."

वर कुरण ढगांत तरंगत असल्यासारखे दिसत होते. म्हातारीच्या भुरीची नात केव्हाच येऊन निवांत चरत होती. कितीतरी गाई मात्र वाटेतच राहिल्या. चांदणी जगली, पण तिच्या कासेत पुन्हा दुधाचा थेंब उतरला नाही. तिचे उपाशी वासरू भुरीच्या नातीला जाऊन लुचू लागले. तिने त्याला पिऊ दिले.

पारखी गवतात बसून ढसाढसा रडला. पुढे दर वर्षी तो चढणीच्या माथ्यावर जाऊन बसे आणि धुक्यातून वर येणाऱ्या गाईंची तिथेच पारख करी.

ज्याला वाट चालायची आहे, त्याची पारख चालवूनच करावी.