दांडीवरची शेवटची जागा

एका गावात एक म्हातारी होती आणि तिच्या अंगणात एक खुराडे होते. दार लागल्यावर त्या खुराड्यात काय घडे, हे कोणीही पाहिलेले नाही. म्हणून ही गोष्ट दार उघडे असतानाचीच आहे.

खुराड्यात नाना जातींच्या कोंबड्या होत्या. दांडीवर बसण्याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. मधली उबेची जागा थोरल्या तांबडीची. दारालगतची, वारा लागणारी जागा एका उघड्या मानेच्या कोंबडीची. तिच्या मानेवर जन्मापासून पीस नव्हते, म्हणून सगळ्या तिला बोडकी म्हणत. दाणे टाकले की तिला टोचून बाजूला करत. त्याखेरीज तिच्याशी कोणाचा संबंध येत नसे.

एकदा म्हातारीने बाजारातून एक कबरी कोंबडी आणली.

“आत्याबाई, एकटीच आणलीत?” शेजारीण म्हणाली. “नवी कोंबडी जोडीनं आणावी. एकमेकींची सोबत होते.”

“कोंबडीला कसली गं सोबत लागते!” म्हातारी म्हणाली.

नव्या कोंबडीने जुन्या घराची वाट धरू नये, म्हणून रीतीप्रमाणे तिच्या पायाला चिंधी बांधून तिला खुंटीला अडकवले. तिला पळता येईना. साऱ्या चोची तिच्याकडे वळल्या आणि बोडकीला प्रथमच पोटभर दाणे मिळाले.

दुपारी बाकीच्या राखेत लोळायला गेल्या, की बोडकी कबरीजवळ जाऊन बसे.

“तुझ्या मानेला काय झालं गं?”

“काही नाही. अशीच आहे.”

“बरंय की. थंडीत ऊन थेट लागत असेल.”

असे बोडकीला कोणी कधी म्हटले नव्हते.

चिंधी सोडली त्या संध्याकाळी कबरी दांडीखाली येऊन उभी राहिली. “तुझ्या शेजारी बसू?”

तांबडी मधल्या जागेवरून म्हणाली, “तिथं जागा एकीचीच आहे, बोडके. ती वर आली तर तू खाली. तिला हाकललंस, तर ये इकडे, माझ्याजवळ.”

बोडकीने कबरीकडे पाहिले. मग तिच्या तुऱ्यावर जोराने चोच मारली.

कबरी मागे सरली आणि दार लागण्यापूर्वीच बाहेर निघून गेली. बोडकी मध्ये जाऊन बसली. तिथे ऊब होती. बोलले मात्र कोणीच नाही.

सकाळी म्हातारीने पुष्कळ हाका मारल्या. कबरी आली नाही. दाणे पडले आणि साऱ्या चोची पुन्हा बोडकीकडे वळल्या.

“आपली जागा ठाऊक आहे ना?” संध्याकाळी तांबडी म्हणाली.

बोडकी दारालगत जाऊन बसली. तिच्या शेजारी आणखी एका कोंबडीपुरती जागा मोकळी होती. ती कालही होती.

तात्पर्य एवढेच काढता येते: आपल्याहून एकटे कोणी सापडले म्हणून आपले एकटेपण सरत नाही, त्याला शेजारी बसू दिले, तर सरू शकते.

कबरी जुन्या घरी पोचली की वाटेत मुंगसाच्या तावडीत सापडली, हे अद्याप कोणालाही ठाऊक नाही.