खड्यांचा पार

आंबेदऱ्याला आलेला पाहुणा चढाने दमून आधी सावली शोधतो. देवळासमोर पिंपळ आहे, पिंपळाला ऐसपैस दगडी पार आहे, पण पारावर टेकायला तसूभर जागा नाही. वर नुसता दगडगोट्यांचा ढीग. "बसा की, जागा सापडली तर," असं म्हणत भिकोबा गुरव गालात हसतात, पाहुण्याला देवळाच्या पायरीवर बसवतात आणि ढिगाची गोष्ट सांगायला लागतात.

फार जुनी हकीकत म्हणे. तेव्हा गावाचा निकाल खड्यांवर व्हायचा. जत्रेआधी पारावर दोन मडकी मांडत, एक हळद लावलेलं, एक चुना लावलेलं. गावाने मिळून यंदा कशासाठी राबायचं, हे विचारलं जाई आणि प्रत्येक पुरुष आपला खडा टाकी. हळदीचं मडकं गावात विहीर खणायचं, चुन्याचं तालमीचं. दर खेपेला चुन्याचंच भरायचं. पुरुष काही दुष्ट नव्हते. सकाळी उठावं तर रांजण भरलेला; पाण्याची अडचण त्यांना दिसणार कुठून? पाणी होतं खाली दरीत, उंबराच्या झऱ्यावर, आणि ती वाट फक्त बायकांच्या पायाखालची. बायकांना खडा नव्हता.

त्या वाटेवर सगुणाची लेक बनी घागरीसकट घसरली. सगुणाने तिला पाठीवर घालून वर आणलं, पण लेक वाटेतच गेली होती. सगुणा रडली नाही. आयाबायांनी तिला रडवायची खूप खटपट केली असं सांगतात, पण तिच्या आत काही हलेचना. दुसऱ्या दिवशी रांजण रिकामा होता, म्हणून ती घागर घेऊन पुन्हा त्याच वाटेने उतरली.

थोड्या दिवसांनी मडकी मांडली गेली, आणि त्याही वर्षी तालीमच जिंकली.

तिला रागसुद्धा आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी घेऊन येताना, बनी घसरली तिथला एक दगड तिने उचलला आणि पारावर पाटील बसत त्या जागी नेऊन ठेवला. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "येडी झाली बिचारी," पाटील म्हणाले आणि जरा सरकून बसले.

पुढच्या खेपेला दुसरा दगड आला. मग शेजारणीने एक आणला, मग तिच्या जावेने. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पाटलांनी गडी लावून दगड फेकून दिले, तर दिवस मावळायच्या आत पार पुन्हा भरलेला. गड्यांना ते मुद्दाम करायचं जादा काम होतं आणि ते कंटाळले. बायका तर रोज ओझं घेऊनच चढत होत्या, त्यांना एका दगडाचं काय?

"अगं, लोक हसत्यात मला," सगुणाचा नवरा म्हणाला.

"हसू द्या," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पुढची जत्रा जवळ आली. मडकी मांडायला जागा उरली नव्हती आणि गावचे कारभारी भर उन्हात मातीत बसले होते. अखेर पाटलांनी हात टेकले. "सगुणे, खणतो तुझी हीर. आता तरी उचल हे."

सगळ्या बायकांच्या जिवात जीव आला. सगुणा मात्र जागची हलली नाही. "हीर नगं, पाटील. तुमी दिल्याली हीर उद्या तुमीच बुजवाल. आमचा खडा द्या."

पाटलांना कबूल व्हावं लागलं. दगड मात्र तसेच राहिले; त्या वर्षी मडकी जमिनीवर मांडली आणि बायकांनी पहिल्यांदा खडे टाकले. हळदीचं मडकं शिगोशीग भरलं. सगुणाला वाटलं होतं, आपला खडा पडल्यावर तरी रडू फुटेल. खडा पडला, टक् असं वाजलं. बाकी काही झालं नाही. ती घरी गेली आणि घागर घेऊन दरीत उतरली, कारण विहीर अजून खणायची होती.

ती विहीर देवळामागे आहे. आता घरोघरी नळही आलेत. मतदान शाळेत होतं. पण आजही मतदानाच्या दिवशी आंबेदऱ्याच्या बायका आधी दरीत उतरतात, उंबराजवळचा एकेक दगड आणून पारावर ठेवतात आणि मगच शाळेची वाट धरतात.

गेल्या खेपेला भिकोबांची सून विजया दगड घेऊन वर आली, तेव्हा रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता. विहीर आटलेली, नळ कोरडे. शहरातून आलेल्या एका मुलीने न राहवून विचारलं, "ताई, इतकी वर्षं मतं देताय, तरी टँकरच. मग उपयोग काय?"

पावसाळ्यात ढिगाचे काही दगड घरंगळले होते आणि पाराच्या कडेला एका माणसापुरती जागा मोकळी झाली होती. विजयाने आपला दगड तिथे नीट बसवला.

"हितं मोकळं राहिलं ना," ती म्हणाली, "की कुणीतरी येऊन बसतंच."