मुद्रेची उजवी बाजू

जंगलावर हत्तीण राज्य करत होती, त्या काळची ही गोष्ट. तिने राज्याची मुद्रा करायला सांगितली. मधोमध वड, एका बाजूला पराक्रमाचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला कष्टाचा बैल. सुतार पक्षी सागाच्या ठोकळ्यावर ती कोरायला बसला.

बैल सहज डोकावला, तर ठोकळ्यावर सिंहाची आकृती उजवीकडे आखलेली आणि आपली डावीकडे. मानाची जागा उजवी, हे वासरालाही कळतं. त्याला चारा गोड लागेना. "वर्षभर आम्ही राबायचं आणि मान त्या झोपाळूला," तो पुटपुटला. तो तडक सुतार पक्ष्याकडे परतला. "आमच्या जागा बदल."

"राणीसाहेबांनी सांगितलं तसंच आहे, बैलदादा. ठसा उमटला की..."

"मला शिकवू नकोस. तुझं घरटं असलेल्या झाडाला शिंगं घासू का?"

घरट्यात पिल्लं होती. पक्ष्याने जागा बदलल्या.

दरबारात बैलानेच खूर ठेवून ठोकळा ओल्या मातीवर दाबला. ठसा उलटा उमटतो, तसाच तो उमटला. सिंह उजवीकडे, बैल डावीकडे.

"मी तर बैलाला उजवीकडे ठेवायला सांगितलं होतं," हत्तीण म्हणाली.

"बैलदादांनीच जागा बदलून घेतली," सुतार पक्षी म्हणाला.

सिंह उठला आणि बैलापुढे वाकला. "स्वतःचा मान मला दिलात. एवढ्या मोठ्या मनाचा प्राणी मी पाहिला नाही."

सगळ्या दरबाराने बैलाचा जयजयकार केला. बैलाला तो शेवटपर्यंत ऐकावा लागला.