केरबाने केली दुधाची टेस्ट

एका गावात केरबा नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. इतका भोळा, की कॉम्प्युटरने 'कोणतंही बटण दाबा' म्हटलं की तो शर्टाचं दाबायचा.

तो रेवतीताईंकडे कामाला होता. ताईंनी नवीनच कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे त्या, केरबा आणि एक पंखा. गावच्या डेअरीसाठी दूध मोजायचा प्रोग्राम लिहायचं काम मिळालं होतं. डेअरीने तो घेतला तरच कंपनी टिकणार होती.

प्रोग्राम फंक्शनल पद्धतीचा. म्हणजे फंक्शनने, प्रोग्रामच्या छोट्या तुकड्याने, हातात दिलेल्या आकड्यांवरूनच उत्तर द्यायचं, इकडेतिकडे हात लावायचा नाही. प्रोग्राम बरोबर मोजतो का, हे बघायला टेस्ट लिहायच्या होत्या. पण केरबाने सगळ्या टेस्टना मिळून एकच सर्व्हिस, म्हणजे दुधाची बेरीज ठेवणारा प्रोग्रामचा भाग, दिली. पहिल्या टेस्टने तिच्यात दहा लिटर ओतलं. दुसरीने पाच ओतलं आणि निघालं पंधरा. टेस्ट नापास.

ताई म्हणाल्या, "अरे, आधीचं उरतंय. प्रत्येक टेस्टला नवी, रिकामी सर्व्हिस द्यायची. आधीचं काही ठेवायचं नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

घरी आईने विरजण लावायला दूध कोमट करून ठेवलं होतं. शेजारी वाटीत कालचं दही. केरबाने ती वाटी घासूनपुसून लख्ख केली. आईने कपाळाला हात लावला. आधीचं थोडं ठेवल्याशिवाय पुढचं दही लागतं का, असं तिने चांगलंच सुनावलं.

"बरं," केरबा म्हणाला.

ऑफिसात जाऊन त्याने प्रत्येक टेस्टमधलं थोडं थोडं दूध पुढच्या टेस्टसाठी ठेवलं. आता सगळ्याच नापास. ताईंना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी स्वतः बसून प्रत्येक टेस्टला वेगळी सर्व्हिस लावली आणि बजावलं, "दही घरी. टेस्ट म्हटलं की आधी रिकामं करायचं. दुसरं काही डोक्यात आणू नकोस."

केरबाने खरंच दुसरं काही डोक्यात आणलं नाही.

प्रोग्राम दाखवायला दोघं डेअरीत गेले. ताई आत कॉम्प्युटर लावत बसल्या. चेअरमन आनंदआण्णा खुशीत होते. सकाळचं सगळ्या गावाचं दूध टाकीत जमा झालं होतं. ते केरबाला टाकीपाशी घेऊन गेले.

"प्रोग्राम ऱ्हाऊ दे. आधी आमचं दूध टेस्ट करून बघ की," म्हणाले आणि पेला आणायला वळले.

पेला घेऊन आले, तर टाकीची खालची तोटी सताड उघडी. दूध गटाराने पार वेशीपर्यंत गेलेलं आणि गावातली कुत्री काठाला बसून चाटत असलेली. केरबा टाकीत डोकं घालून बघत होता.

"आरं, काय केलंस ह्ये?" आण्णांच्या तोंडून कसंबसं निघालं.

केरबाने डोकं बाहेर काढलं.

"झाली रिकामी, आण्णा. आता ओता दूध, टेस्ट करतो."