मोहनेचा रिकामा माग

एका राज्यात बारा वर्षे एकही लग्न लागले नव्हते.

उपवर मुली होत्या, मुलगे होते, पसंत्या होत होत्या, मानापानावरून रुसवेफुगवेही वेळच्या वेळी पार पडत होते. मांडव घातला जाई, वाजंत्री येत, नवरानवरी पाटावर उभी राहत, मध्ये अंतरपाट धरला जाई. मंगलाष्टके संपत, अक्षता पडत, आणि अंतरपाट काही केल्या खाली येत नसे. धरणाऱ्यांनी हात सोडले तरी तो हवेत ताठ उभा. कापायला जावे तर कात्रीची धार जाई. नवऱ्याने वाकून पलीकडे डोकावावे तर अंतरपाटही त्याच्याबरोबर वाके. शेवटी जेवून घेऊन वऱ्हाड मुकाट्याने परत फिरे. जेवण मात्र कुणी कधी चुकवले नाही.

खुद्द राजकन्या चित्रांगीचे लग्न असे पाच वेळा अडले होते. नवरदेव तोच, शेजारच्या राज्याचा युवराज. पहिल्या खेपेला त्याला नुकती मिसरूड फुटली होती, पाचव्या खेपेला मिशीत एक पांढरा केस निघाला. पण गडी चिकाटीचा. अंतरपाटाच्या दोन बाजूंना बसून त्या दोघांनी इतक्या गप्पा मारल्या, की संसार केलेल्यांनीही जन्मात मारल्या नसतील.

हे विघ्न ज्या दिवशी आले, त्याच दिवशी मोहना नाहीशी झाली होती. मोहना म्हणजे राज्यातले सगळे अंतरपाट विणणारी विणकरीण, आणि राजमांत्रिक नीलकेशाची बायको. नीलकेशाने दरबारात येऊन डोळे पुसले आणि सांगितले, "महाराज, ती एका परदेशी व्यापाऱ्याबरोबर निघून गेली. हातातलं कापड पुरं केलं, माग झाडून पुसून ठेवला आणि गेली." कोतवालाने जाऊन पाहिले. माग खरोखरच लख्ख रिकामा होता. झाले, तपास संपला. मांत्रिकाने त्या खोलीला दार लावून मंत्राची मोहर केली. लोकांनीही ठरवून टाकले, की नवरा टाकून गेलेल्या त्या बाईच्या पापानेच सगळी लग्ने अडली.

एकटी तिची धाकटी बहीण पवळा हे मानायला तयार नव्हती. ती दर वर्षी चैत्रात पाच गावे ओलांडून, चालत दरबारात येई आणि एकच विचारी, "महाराज, माझी बहीण कुठं आहे?" दर वर्षी कोतवाल तिला हसून वाटेला लावी. बारा वर्षे असेच चालले. सांगायला लाज वाटते, पण तसेच चालले.

बाराव्या वर्षी पवळा आली, ती नेमकी राजकन्येचे पाचवे लग्न अडल्याच्या दुसऱ्या दिवशी. राजा धवलसेन कपाळाला हात लावून बसला होता, आणि कालच्या अंतरपाटाच्या दोन बाजूंना चित्रांगी आणि युवराज बसले होते.

"महाराज, मला तो माग एकदा पाहू द्या," पवळा म्हणाली.

नीलकेश पुढे झाला. त्याची साठी जवळ आली होती, पण केस भुंग्यासारखे काळेभोर आणि गाल तुकतुकीत. दरबारातले लोक बारा वर्षे त्याला तेलाचे नाव विचारत होते. "महाराज, त्या दाराआड माझं दुःख आहे. ते उघडू नये."

"बारा वर्षं कोंडलेल्या दुःखाला थोडा वारा लागू द्या," राजकन्या चित्रांगी म्हणाली.

राजाने पवळेकडे पाहिले. "दार उघडेल. पण तू तीन गोष्टी करायच्या. ती घर सोडून गेली नाही, हे दाखव. ती कुठं आहे, ते दाखव. आणि दोष कुणाचा, हे त्याच्याच तोंडून वदव. यातलं एक जरी चुकलं, तरी पुन्हा या दरबारात पाऊल टाकायचं नाही."

"मान्य," पवळा म्हणाली.

मोहर तुटली, दार उघडले. कोतवालाने मागाकडे बोट केले. "पाहा. एक धागा नाही. जाणारी बाई आवरून गेली."

पवळेने मागाला हात लावला आणि ती खाली बसली. रिकाम्या फणीवरून तिने बोटे फिरवली. मग ती म्हणाली, "महाराज, माझं ऐकू नका. मी तिची बहीण. राज्यातले अकरा विणकर बोलवा. एकेकाला आत पाठवा, आणि कुणाला काही सांगू नका."

अकरा विणकर आले. पहिला आत गेला आणि त्याने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले. "अरेरे! या घरात कोण वारलं?" दुसरी आत गेली, तिने तोंडाला पदर लावला. "कोण गेलं हो?" अकराच्या अकरा जणांनी तेच विचारले.

राजा चकित झाला. तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या विणकराने समजावले, "महाराज, आम्ही कापड कापून काढतो, पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोकं मागावरच्या फणीत राहू देतो. पुढच्या कापडाचा एकेक धागा त्या टोकांना जोडायचा असतो. गावाला जावो, परदेशी जावो, भांडून जावो, ती टोकं कुणी काढत नाही. माग साफ रिकामा करतात तो एकदाच, विणणारा मेल्यावर."

नीलकेशाला मंत्र हजार येत होते, पण बायकोच्या मागाजवळ तो उभ्या जन्मात दोन घटका बसला नव्हता. स्वच्छ केले की पुरावा मिटतो, एवढेच त्याला ठाऊक. आणि बारा वर्षांत एकाही शहाण्याला विणकरांना विचारावेसे वाटले नव्हते. कोतवाल आपल्या जोड्यांकडे पाहू लागला.

पहिली गोष्ट झाली. दुसरीसाठी पवळेने वर पाहिले. आढ्यावर एक साळुंकी बसली होती. त्या राज्यातली पाखरे बोलत, पण विचारल्यावाचून बोलणे त्यांच्या कुळात अशिष्ट समजले जाई.

"साळुंकीबाई, माझी बहीण कुठं आहे?"

"याच घराच्या तळघरात," साळुंकी म्हणाली. "सोन्याच्या सात हंड्यांच्या पलीकडे. बारा वर्षं मी इथं बसून आहे. कुणी विचारेल तर शपथ!"

तळघरातले ते धन शापित होते. सोन्याला हात लावील तो मिठाचा होई. लोभाने आत शिरलेली एकोणीस माणसे पहिल्या हंड्यापाशीच मिठाची होऊन वाकलेली उभी होती, त्यांत कोतवालाचा मेहुणाही होता. भीतीने तिकडे कुणी फिरकत नसे, आणि मांत्रिकाला तेच हवे होते.

पवळा पायऱ्या उतरली. पहिल्या हंड्यातून मोहरा खळखळल्या, दुसऱ्यातून हिरे चमकले, तिसऱ्यातून तर कुणीतरी गोड आवाजात तिचे नाव घेतले. तिने मान वळवली नाही. तिला जे हवे होते ते सोन्याचे नव्हते. सातवा हंडा मागे टाकून ती पुढे गेली, तो दगडी चौथऱ्यावर मोहना निजलेली. श्वास नाही, हालचाल नाही, अंग वाळल्या पानासारखे. उशाशी एक रिकामा पेला. पवळेने बहिणीला उचलले, तर वजन कापसाच्या गाठोड्याएवढे. त्या बारा वर्षांत ती कुणापुढे रडली नव्हती, तळघरात मात्र पोटभर रडली. मग डोळे पुसून पायऱ्या चढली.

मोहनेला दरबारात आणून ठेवले, शेजारी तो पेला. मागोमाग उडत आलेल्या साळुंकीला राजाने स्वतः विचारले, "हिला काय झालं?"

"हिचं उरलेलं आयुष्य कुणीतरी पेल्यात काढून पिऊन टाकलं. पिणाऱ्याची माझ्याकडे पाठ होती. तोंड दिसलं नाही, खोटं कसं सांगू?"

नीलकेशाने तेवढ्यात गळा काढला. "हाय हाय! तो दुष्ट व्यापारीच मांत्रिक असला पाहिजे!"

दरबार पवळेकडे पाहू लागला. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. पण पवळा कारागिरांत वाढली होती. कारागीर शिव्या सोसतो, उपास सोसतो, पण कामाला नावे ठेवलेली त्याला सोसत नाहीत, हे तिने घरात रोज पाहिले होते. तिने तो पेला उचलला, उजेडात धरला आणि नाक मुरडले.

"महाराज, हे काम राजमांत्रिकांचं नव्हेच."

नीलकेशाने समाधानाने मान डोलावली.

"हे कुणा शिकाऊ पोराचं काम. पेल्याच्या काठावर डाग आहेत. निम्मं आयुष्य काढतानाच सांडलं असणार. हात कापत असेल बिचाऱ्याचा."

नीलकेशाची मान थांबली.

"आणि मंत्रही कच्चा. वीसेक वर्षं मिळाली असतील फार तर. राजमांत्रिक असते तर..."

"वीस?" नीलकेश गरजला. "एक थेंब सांडला नाही! एक्केचाळीस वर्षं आणि तीन महिने, एका दमात! असा हात या पृथ्वीवर दुसऱ्या कुणाचा आहे?"

 प्रश्न आलाच म्हणून साळुंकी म्हणाली, "मंत्राचा आवाज हाच होता," आणि पंख साफ करू लागली.

राजा उठून उभा राहिला. "नीलकेश, तू बायकोचा खून केलास. हे तुझ्याच तोंडून सिद्ध झालं. उद्या तुला हत्तीच्या पायी देतील."

लोकांनी जयजयकार केला. पवळेने हात वर केला. "नको महाराज! हा मेला, की माझ्या बहिणीची एक्केचाळीस वर्षंही याच्याबरोबर मरतील. मला याचा जीव नको, तिचा हवा. चोराकडून चोरलेली वस्तू आधी परत घ्यायची, हा आपल्याच राज्याचा कायदा ना?"

राजाने एक क्षण विचार केला आणि निवाडा बदलून लिहिला: खुनी नीलकेश, चोरलेले आयुष्य परत. वर राजमुद्रा उमटली. जादूही राजमुद्रेला मानते, मानावेच लागते. नीलकेशाचे काळे केस भराभर पांढरे झाले, गाल बसले, दात एकेक करून गळाले. आणि चौथऱ्यावरून आणलेल्या त्या वाळल्या अंगात रंग चढू लागला. मोहनेने डोळे उघडले, सव्वीस वर्षांची, तशीच्या तशी.

"पवळे," ती म्हणाली, "ताण्याला खळ द्यायची राहिली ना गं?"

त्याच घटकेला राज्यभरचे अंतरपाट सळसळत खाली आले. युवराज आणि चित्रांगी एकमेकांकडे पाहतच राहिले. राजाने कारण विचारले, तेव्हा साळुंकी म्हणाली, "ज्या हातांनी अंतरपाट विणले, ते नवऱ्यानंच थांबवले, आणि कुणी विचारपूसही केली नाही. मग कुणाच्या भरवशावर अंतरपाटांनी खाली यावं?" 

नीलकेश मात्र बोळक्या तोंडाने भांडू लागला, "ती जिवंत झाली! आता खून कसला?"

"बारा वर्षं मेली होती, तेवढा पुरे," राजा म्हणाला. "हत्ती नको, पण शिक्षा होणारच. मरेपर्यंत तुरुंगात बसून विणकरांसाठी सुताच्या कांड्या भर. मागाजवळ बसायची सवय होईल."

मांत्रिकाची जादू सरली तसा तळघराचा शापही सुटला; मिठाची एकोणीस माणसे सरळ झाली आणि आधी घटाघट पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी राज्यात सातशे लग्ने लागली. अक्षतांना तांदूळ पुरेना, भटजींचे घसे बसले, आणि नवऱ्यांपैकी काहीजण काठी टेकत आले. कोतवालाला शिक्षा म्हणून प्रत्येक मांडवात वाढप्याचे काम मिळाले.

चित्रांगीच्या लग्नात मानाची साडी द्यायची वेळ आली. राजकन्येने विचारले, "दोघींत थोरली कोण? मान तिचा."

सवयीने मोहना पुढे झाली आणि मध्येच थांबली. तिने पवळेच्या कानशिलावरचे पांढरे केस पाहिले. बारा चैत्र उन्हातून चाललेले, भेगा पडलेले तिचे पाय पाहिले. सव्वीस वर्षांची मोहना मागे सरली, त्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाली, "थोरली ही. ताई, साडी तू घे."

पवळेला हसावे की रडावे कळेना. तिने दोन्ही केले. मग बहिणीला उठवून, जन्मात पहिल्यांदाच तिचा कान पिळला.

"वेडे," ती म्हणाली, "पुन्हा मला न सांगता कुठं जाऊ नकोस."